मध्येच आमेन

प्रेमराज बैसाणेला दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं कधी जमलंच नाही. समोरच्याने तोंड उघडलं की याला शेवट आधीच दिसायचा, आणि दिसला की तो बोलून मोकळाही व्हायचा. त्याची बायको एस्तेर लग्नानंतरची दोन वर्षं यावरून चिडायची. मग तिने चिडणं सोडलं आणि वाक्यंच आखूड केली. मुलगी दिपमाला अकरावीला होती. ती बापाशी बोलताना आधी शेवट सांगायची आणि उरलं तर कारण. "उद्या सुट्टी. सर आजारी." त्या घरात असंच बोलायची रीत पडली होती.

माणूस वाईट नव्हता हो. रविवारी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये पोचून सतरंज्या झटकायचा, कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतःच्या गाडीवरून जळगावला नेऊन सोडायचा. लहानपणी शिंदखेड्याला संडे स्कूलमध्ये बायबलमधली आत्म्याची नऊ फळं एका दमात म्हणून दाखवल्याबद्दल त्याला पहिलं बक्षीसही मिळालं होतं. त्या नऊ फळांत सहनशीलता येते. पण त्याच्या तोंडून ती इतक्या वेगात बाहेर पडली होती, की आत थांबायला तिला सवडच झाली नसावी.

त्यात कामही असं मिळालं की दुष्काळात तेरावा महिना. रावेरला केळीच्या एका पॅकिंग हाऊसवर तो गाड्या भरून रवाना करण्याचं बघायचा. घड एकदा झाडावरून उतरला की त्याला पिकायची घाई होते, आणि दिल्लीचा व्यापारी केळीपेक्षाही घाईवर असतो. "गाडी निकली क्या?" हा प्रश्न प्रेमराजला दिवसातून चाळीस वेळा यायचा. खाता-पिता, उठता-बसता फोन कानाला. बसता म्हणायचं एवढंच. बसलेला प्रेमराज फारसा कुणी पाहिलेला नव्हता. तो नाश्ता उभ्याने करायचा, आणि घरातल्या प्रार्थनेलाही दाराच्या चौकटीला खांदा लावून उभा राहायचा, म्हणजे आमेन झालं की निघता यावं.

अशा माणसाचा बाप म्हणजे शमुवेल नाना. धुळे जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात नानांनी चौतीस वर्षं कंपाउंडरकी केली. पुड्या बांधता बांधता त्यांना पंचक्रोशीतल्या माणसांची दुखणी पाठ झाली होती, आणि प्रार्थनेला डोळे मिटले की ती एकेक करून बाहेर यायची. नाना नाव घेऊन मागायचे. अमक्याचा गुडघा, तमकीची सून, कुणाची विहीर, कुणाची हरवलेली गाय. कुणालाच वगळायचे नाहीत. लहानगा प्रेमराज पोटात कावळे ओरडत असताना एक डोळा किलकिला करून ताटाकडे बघत बसायचा.

गेल्या जूनमध्ये नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागला, आणि वाचा अडकली. आई आधीच देवाघरी गेलेली. प्रेमराजने ऑगस्टमध्ये नानांना रावेरला आणलं, पुढची खोली दिली, खुर्ची खिडकीपाशी लावून दिली. औषधात, पथ्यात, मालीशवाल्यात काही कमी पडू दिलं नाही. कमी पडला तो फक्त दम.

घरात रीत अशी, की सकाळच्या नाश्त्याआधी प्रार्थना घरातल्या वडीलधाऱ्याने करायची. नाना आल्यावर ते काम आपोआप त्यांच्याकडे गेलं. नाना डोळे मिटायचे, ओठ हलायचे, "दे... दे..." एवढं यायचं आणि पुढचा शब्द सापडायचा नाही. प्रेमराज चौकटीतून मदत करायचा. "देवा... हे दयाळू देवा... या अन्नासाठी..." नाना मान हलवायचे. प्रेमराजला वाटायचं, हो म्हणताहेत. मग तोच पुढचं सगळं भराभरा म्हणून टाकायचा. नानांची प्रार्थना अशी दोन महिने त्याने चालवली, आणि आपण बापाची सेवा करतोय असं त्याला मनापासून वाटत होतं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी तीन गाड्या एकदम लागल्या होत्या. फोन खिशात थरथरत होता. त्या दिवशी नाना नेहमीपेक्षा पुढे गेले होते. "दे... देव..." आणि मग बराच वेळ काही नाही, मग कसलासा आवाज, मग पुन्हा काही नाही. प्रेमराजने घड्याळ पाहिलं, श्वास घेतला आणि मोठ्याने म्हणाला, "आमेन!"

आता आमेन ही गोष्ट अशी आहे, की एकाने ठासून म्हटलं की बाकीच्यांच्या तोंडून ते सवयीने निघतंच. एस्तेर म्हणाली आमेन, दिपमाला म्हणाली आमेन, पोह्यांच्या ताटल्या पुढे ओढल्या गेल्या. नानांनी डोळे उघडले. त्यांचे ओठ अजून हलत होते. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, प्रेमराजकडे पाहिलं, आणि ओठ मिटले. प्रेमराज तोवर जिन्यात पोचला होता.

त्यानंतर नाना बोलायचेच थांबले. आधी पाणी, चहा, बस, असे सात-आठ शब्द तरी यायचे. तेही बंद. हवं ते डाव्या हाताने दाखवायचे. पहिले तीन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या घरात न बोलणाऱ्या माणसाची कुणाला अडचण होत नव्हती. आठव्या दिवशी एस्तेर घाबरली आणि दोघे नानांना घेऊन जळगावला वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमकडे गेले.

मॅडम तरुण होत्या, पण बोलायला अजिबात भिडस्त नव्हत्या. त्यांनी विचारलं, "यांना शब्द कोण पुरवतं घरी?"

प्रेमराज म्हणाला, "मीच. मदत म्हणून—"

"ती बंद करा. शब्द गेलेले नाहीत, आत आहेत. ते शोधत असतात तेव्हाच तुम्ही तुमचा शब्द पुढे करता, मग त्यांचं शोधणं थांबतं. पहिलं वर्ष महत्त्वाचं असतं, त्यातले साडेचार महिने गेले. असेच गप्प राहिले तर पुढे बोलतील याची खात्री मी देणार नाही."

"मग औषध काय? व्यायाम काय? दिवसातून किती वेळा?"

"थांबायचं," मॅडम म्हणाल्या. "ते बोलेपर्यंत थांबायचं, बस."

घरी पोचल्यावर एस्तेरने त्या मंगळवारची आठवण काढली. तिला आरडाओरडा करायची सवय नव्हती. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही त्यांचं आमेन म्हणालात. त्या दिवसापासून." प्रेमराजचा चेहरा पडला. चूक कळायला त्याला वेळ लागला नाही. तिथेही तो चपळच होता. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मागितलं, त्याचं मागणं आपण अर्ध्यावर तोडलं, आणि आता ते तोंड कायमचं मिटलं तर ते आपल्यामुळे. ही गोष्ट त्याच्या काळजात रुतून बसली.

पण स्वभाव कुठे जातो? दुसऱ्या दिवसापासून त्याने सकाळी साडेसात ते सात चाळीस अशी वेळ ठरवली. फोन आतल्या खोलीत ठेवला, नानांच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "नाना, चुकलं माझं. बोला. दहा मिनिटं आहेत माझ्याकडे." नाना खिडकीतून बाहेर बघत राहिले. "बोला ना नाना. काहीही बोला." दहा मिनिटं झाली, प्रेमराज गेला. असं आठवडाभर चाललं. एकदा त्याने मोबाईलवर पक्षाघाताच्या रुग्णांचे व्हिडिओ लावून दाखवले. नानांनी डाव्या हाताने मोबाईल पालथा केला.

एस्तेर म्हणाली, "तुम्ही त्यांच्यापाशी बोलायला नाही, उरकायला जाता." प्रेमराज प्रार्थनेत सहनशीलता मागायचा, आणि मागून झाल्यावर अजून कशी आली नाही म्हणून वैतागायचा.

ती आली असेल तर पॅकिंग हाऊसवर आली, आणि तीही त्याचं नाक कापूनच आली. फारुख म्हणून हमालांचा मुकादम होता, चार वर्षांपासून प्रेमराजच्या हाताखाली. एके दुपारी तो लगबगीने आला आणि म्हणाला, "भाऊ, ती पानिपतची गाडी—"

"उशीर झालाय, माहीत आहे मला. आधी तीच भर." आणि प्रेमराज दुसऱ्या गाडीकडे वळलासुद्धा.

गाडी भरली. चारशे खोकी चढली. मागचं दार लावून झाल्यावर ड्रायव्हरच सहज म्हणाला, की आदल्या खेपेला आत डिझेल सांडलं होतं. दार पुन्हा उघडलं तर भपकारा आला. सगळी खोकी उतरवा, गाडी धुवा, वाळवा, पुन्हा भरा. दुपारची गाडी अंधार पडताना निघाली. पानिपतच्या व्यापाऱ्याने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रेमराज फारुखवर धावून गेला. "सांगता येत नाही तुला?"

फारुख घाम पुसत म्हणाला, "भाऊ, मी तेच सांगत व्हतो. तुमी मला पानिपतच्या पुढं जाऊच दिलं नाही." मग जरा थांबून म्हणाला, "चार सालात कधीच नाही जाऊ दिलं, खरं सांगायचं तर."

प्रेमराज काही बोलला नाही, आणि ही त्याच्या आयुष्यातली मोठीच गोष्ट. तो केळी धुवायच्या हौदाच्या कठड्यावर टेकला. त्याच्या मनात फारुख नव्हताच. त्याच्या मनात आलं, त्या मंगळवारी नाना 'देव'च्या पुढे कुठे चालले होते? अन्नासाठीच आभार मानत होते हे आपण कशावरून ठरवलं? त्याला पहिल्यांदाच कळलं, की आपल्याला ठाऊक नाही. दोन महिने आपण नानांच्या तोंडात जे जे घातलं, त्यातलं काही नानांचं होतं का, हेही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नानांपाशी गेला तेव्हा 'बोला' म्हणाला नाही. एस्तेरने सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन नानांसमोर ठेवल्या होत्या. डाव्या हाताला काम म्हणून. नाना एक शेंग उचलायचे, टेबलाच्या कडेवर दाबायचे, ती निसटायची. पुन्हा उचलायचे. अंगठ्याने टरफल दुभंगायचं, दाणा घरंगळायचा, तो शोधायचा, वाटीत टाकायचा. एका शेंगेला दीड-दोन मिनिटं. प्रेमराजच्या दोन्ही हातांना अक्षरशः खाज सुटली. अख्खं सूप त्याने दहा मिनिटांत सोलून दिलं असतं. त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले आणि बघत बसला.

रोज बसू लागला. कधी पाच शेंगा व्हायच्या, कधी सात. पॅकिंग हाऊसवर तो फारुखचं बोलणं संपेपर्यंत जीभ दातांखाली धरायचा, आणि त्याला शोध लागला की फारुखच्या वाक्यांना शेवट असतो आणि तो बहुधा त्याने धरलेल्या शेवटापेक्षा वेगळाच असतो. याचा अर्थ माणूस सुधारला असा नाही. चौथ्या दिवशी तो बँकेतल्या बाईवर खेकसला, आणि दिपमालाला म्हणाला, "मुद्द्याचं बोल." पण शेंगांपाशी मात्र तो गप्प असायचा. नानाही गप्पच. वाटीत दाणे पडायचे, बाकी शब्द एकही नाही. नोव्हेंबर निम्मा झाला. मॅडमनी दिलेलं वर्ष महिन्या-महिन्याने सरत होतं, आणि प्रेमराजला वाटू लागलं की आपण फार उशिरा थांबायला शिकलो.

अशात घरसभेची पाळी आली. रावेरच्या चर्चच्या त्या छोट्या मंडळीत पंधरा-सोळा घरं. दर शनिवारी संध्याकाळी पाचला एकेका घरी सभा भरायची: दोन गाणी, थोडं बायबलचं वचन, आणि शेवटची प्रार्थना त्या घरातल्या वडीलधाऱ्याची. ती झाल्याशिवाय चहा-फराळाला कुणी हात लावायचा नाही, अशी पद्धत. प्रेमराजने पाळकांना आधीच फोन करून सांगितलं, "पास्टर, शेवटची तुम्हीच करा. नानांना सांगू नका. त्यांना अवघड होईल." पाळक शिमोन हे तरुण आणि समजूतदार होते. ठीक आहे म्हणाले.

पुढची खोली भरली. वीस-बावीस माणसं. स्वयंपाकघरातून भज्यांचा वास येत होता. प्रेमराज नेहमीप्रमाणे चौकटीत उभा. गाणी झाली, वचन झालं. पाळक म्हणाले, "चला, आपण शेवटची प्रार्थना करू," आणि ते डोळे मिटणार तोच नानांचा डावा हात वर गेला.

पाळकांनी प्रेमराजकडे पाहिलं. सगळ्यांसमोर शब्द सापडला नाही, तर नाना पुन्हा कधी तोंड उघडणार नाहीत, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. नको म्हणावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. त्याने एस्तेरकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ती मान हलवत होती: होऊ द्या.

"नाना करतील," प्रेमराज म्हणाला.

माना खाली गेल्या. नानांनी डोळे मिटले.

एक मिनिट गेलं. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. दोन मिनिटं. बाहेरून ट्रॅक्टर गेला. नानांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"देव... देवबापा," नाना म्हणाले.

महिन्यानंतरचा पहिला शब्द. आणि तोही पुस्तकी प्रार्थनेतला नव्हता, घरातल्या अहिराणीतला. एस्तेरने तोंडाला पदर लावला. पण पुढे पुन्हा काही नाही. तीन मिनिटं, चार मिनिटं. नानांच्या कपाळावरची शीर उठून आली. लोक चुळबुळायला लागले. एका म्हाताऱ्याला खोकला आला आणि तो त्याने शर्टात दाबला.

"मन्हा..." नाना म्हणाले. म्हणजे माझा. "मन्हा..."

झालं, सगळ्यांना पुढचं कळलं. माझा आजार. माझा हात. जूनपासून अख्खी मंडळी दर रविवारी तेच तर मागत होती. प्रेमराजच्या जिभेच्या टोकावर तो शब्द येऊन बसला. एवढा एकच शब्द, हळूच दिला तर काय बिघडलं? बापाची सुटका तरी होईल. त्याने ओठ इतके घट्ट मिटले की दात रुतले.

नानांच्या शेजारी धुरपदाबाई बसल्या होत्या, मूळच्या धुळ्याकडच्याच, मनाने फार चांगल्या. त्यांना राहवेना. त्या नानांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "बोला नाना, मन्हा आजार बरा—"

"अक्का," प्रेमराज म्हणाला, "थांबा. त्यांना बोलू द्या."

त्याचा आवाज इतका हळू होता, की तो त्याचाच आहे हे दिपमालालाही मान वर करून पाहावं लागलं. नानांनी डोळे उघडले नाहीत. पण कपाळावरची शीर बसली, खांदे खाली आले. आता आपल्याला कुणी ढकलणार नाही हे कळलेल्या माणसासारखे ते सावकाश श्वास घ्यायला लागले. भजी निवली. प्रेमराजच्या खिशात फोन दोनदा थरथरून गप्प झाला. किती वेळ गेला ते त्याने पाहिलं नाही.

"मन्हा... प्रेमराज," नाना म्हणाले.

प्रेमराजला वाटलं, आपल्याला हाक मारली. तो पुढे झुकला. पण नानांचे डोळे मिटलेलेच होते आणि तोंड वर होतं. ते त्याच्याशी बोलत नव्हते.

"तो... थकी जायेल शे." मग पुन्हा शोध, पुन्हा श्वास. "त्याले... जराखा... बठू दे."

माझा प्रेमराज थकलाय. त्याला जरा बसू दे.

चौकट धरून उभा असलेला पंचेचाळीस वर्षांचा माणूस सगळ्यांदेखत हुंदका देऊन रडला. त्याला लाज वाटली नाही. इतकी वर्षं आपण धावतोय हे सगळ्यांना दिसत होतं. थकलोय हे फक्त याच माणसाला दिसलं होतं, आणि त्यालाच त्याने बोलू दिलं नव्हतं. माणसांनी सरकून वाट दिली. प्रेमराज खोलीत आला आणि बापाच्या खुर्चीच्या पायाशी सतरंजीवर मांडी घालून बसला. नानांचा डावा हात चाचपडत त्याच्या डोक्यावर आला.

नानांचे ओठ पुन्हा हलू लागले. आता कुणाचं नाव येणार होतं, त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे बसून राहिले.